मुलांच्या मज्जातंतूंवरील गाठी आणि प्रकाशोपचार : संशोधनासाठी देणग्या कशा उभ्या कराव्यात

मुलांच्या मज्जातंतूंवरच्या गाठींसाठी प्रकाशोपचाराचं संशोधन चाललंय आणि त्याला पैसे हवेत, असं एखाद्या देणगीदाराला सांगितलं, की हमखास दोन प्रश्न येतात. ‘म्हणजे कॅन्सर का?’ आणि ‘लेझरनं गाठ जाळतात का?’ दोन्हींचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच असतं. ते ‘नाही’ दोन मिनिटांत आणि समोरच्याचा उत्साह न मारता सांगता आलं, की अर्धी तयारी झाली. उरलेली अर्धी हिशेबाची.

हा लेख पालकांच्या गटांसाठी, लहान विश्वस्त संस्थांसाठी आणि निधी गोळा करण्याचं काम अंगावर पडलेल्या डॉक्टरांसाठी आहे. माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. या कामासाठी ‘मुलं बरी करायला’ म्हणून पैसे मागू नका. संशोधनातला पुढचा एक अनुत्तरित प्रश्न निवडा, त्याच्या उत्तराला किती खर्च येईल ते काढा आणि तेवढेच मागा. पुढचं सगळं याच धोरणावर उभं आहे.

पायरी १ : आजार नीट समजून घ्या

मुलांमधल्या ज्या गाठींसाठी प्रकाशोपचाराचा विचार होतो, त्यांतल्या बऱ्याच न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ या जनुकीय आजारातून येतात. त्याला सगळे एनएफ-१ म्हणतात. साधारण ३,००० जन्मांमागे एका बाळाला तो असतो. १८८२ साली फ्रीडरिक फॉन रेक्लिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. सतराव्या गुणसूत्रावरचं त्याचं जनुक मात्र १९९० साली हाती लागलं. हे जनुक न्यूरोफायब्रोमिन नावाचं प्रथिन बनवतं आणि ते प्रथिन पेशींच्या वाढीला लगाम घालतं. लगाम सुटला, की मज्जातंतूभोवतीच्या आवरणातल्या पेशी (श्वान या शास्त्रज्ञाच्या नावावरून ‘श्वान पेशी’) वाढत सुटतात. जवळपास निम्म्या रुग्णांच्या आई-वडिलांना हा आजार नसतो, जनुकातला बदल त्या मुलातच नव्यानं झालेला असतो. ही गोष्ट देणगीदाराला जरूर सांगा, कारण ‘आमच्या घराण्यात असं काही नाही’ या समाधानाला त्यामुळे धक्का बसतो.

गाठींचे दोन प्रकार वेगळे ठेवा. त्वचेवरच्या लहान गाठी बहुधा वयात येताना दिसू लागतात. त्या धोकादायक नसतात, पण शेकड्यांनी आल्या तर माणूस चारचौघांत जायचं टाळतो. प्लेक्सिफॉर्म गाठी निराळ्या. त्या बहुधा जन्मतःच असतात, बालपणाच्या सुरुवातीच्या वर्षांत सगळ्यात वेगानं वाढतात आणि मज्जातंतूच्या अनेक फांद्यांमध्ये गुंतलेल्या असतात. चेहरा, मान, पाठीचा कणा, छाती, कुठेही. शस्त्रक्रियेनं काढायला जावं तर मज्जातंतूच कापला जाण्याची भीती. यातल्या काही गाठी पुढे घातक होतात. एनएफ-१ असलेल्या व्यक्तीला मज्जातंतूच्या आवरणाचा कॅन्सर होण्याची आयुष्यभराची शक्यता ८ ते १३ टक्के धरली जाते.

न्यूरोब्लास्टोमा हा पूर्णपणे वेगळा आजार आहे. तो लहान मुलांमधला घातक कॅन्सर आहे. नावं जवळची असल्यानं बोलण्यात आणि बातम्यांत सर्रास गल्लत होते. तुमच्या माहितीपत्रकातही ती झाली, तर कोणी बालकर्करोगतज्ज्ञ ते दुसऱ्यांदा उघडणार नाही.

आणखी एक गोष्ट लपवू नका : या गाठींवर आता औषध आहे. सेल्युमेटिनिब या गोळीला अमेरिकेच्या औषध नियामकानं एप्रिल २०२० मध्ये, शस्त्रक्रिया न करता येणाऱ्या आणि त्रास देणाऱ्या प्लेक्सिफॉर्म गाठींसाठी मान्यता दिली. ५० मुलांच्या चाचणीत सुमारे दोन तृतीयांश मुलांची गाठ किमान २० टक्क्यांनी आकसली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मिर्डामेटिनिब हे दुसरं औषधही आलं. ‘मग प्रकाश कशाला?’ असं देणगीदार विचारणार आणि त्यानं विचारायलाच हवं. उत्तर असं, की ही औषधं सगळ्यांना लागू पडत नाहीत, गाठ क्वचितच पूर्ण नाहीशी करतात, दीर्घकाळ घ्यावी लागतात, त्वचेवर पुरळ आणि नखांभोवती संसर्ग असे त्रास देतात, आणि बंद केल्यावर गाठ पुन्हा वाढू शकते. एका जागी, एकदा किंवा मोजक्या वेळा करायचा उपचार म्हणून प्रकाशाला इथे जागा आहे.

पायरी २ : कोणता प्रकाश, ते सांगता आलं पाहिजे

वैद्यकात प्रकाश अनेक कामं करतो. नवजात बाळाची कावीळ निळ्या दिव्याखाली उतरते. लेझरनं त्वचेवरची गाठ जाळून काढता येते. जखम लवकर भरावी म्हणून मंद लाल प्रकाशही वापरला जातो. आपल्याला ज्यासाठी पैसे हवेत ती फोटोडायनॅमिक थेरपी या तिन्हींहून वेगळी आहे.

तिला तीन गोष्टी लागतात : प्रकाशानं जागं होणारं औषध, ठरावीक रंगाचा प्रकाश आणि पेशीतला ऑक्सिजन. औषध शिरेतून देतात किंवा त्वचेवर लावतात आणि ते गाठीत साठू देतात. मग गाठीवर प्रकाश सोडतात. औषध प्रकाशाची ऊर्जा घेऊन ऑक्सिजनला देतं आणि अतिशय तिखट स्वरूपाचा ऑक्सिजन तयार होतो. तो क्षणभरही टिकत नाही, एका पेशीच्या रुंदीइतकाही लांब जात नाही, पण जिथे तयार होतो तिथे पेशी मारतो. गाठीच्या रक्तवाहिन्या बंद पडतात आणि शरीराची प्रतिकारशक्तीही जागी होते. औषध एकट्यानं निरुपद्रवी, प्रकाशही एकट्यानं निरुपद्रवी. दोघं एकत्र येतात तिथेच काय ती उलथापालथ.

कल्पना नवी नाही. १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला दिसलं, की अ‍ॅक्रिडिन हा रंग मिसळलेल्या पाण्यातले सूक्ष्मजीव उजेडात मरतात आणि अंधारात जगतात. फोटोफ्रिन या प्रकाशानं जागं होणाऱ्या औषधाला १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी आणि १९९५ मध्ये अमेरिकेत अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. मुलांपर्यंत हा उपचार नेण्याची एक वाट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधून गेली. नासानं अंतराळात रोपं वाढवण्यासाठी विकसित करवून घेतलेले एलईडी दिवे तिथल्या मेडिकल कॉलेजातले बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉ. हॅरी व्हेलन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस मेंदूच्या गाठींवरच्या प्रकाशोपचारासाठी वापरले. पुढे त्याच संस्थेत एनएफ-१च्या त्वचेवरच्या गाठींसाठी अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल (अशाच उपचारात वापरायचं आणखी एक औषध) आणि लाल प्रकाश यांच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या चाचण्या झाल्या. देणगीदारासमोर रोपांच्या दिव्यांची गोष्ट छान रंगते. तिथेच थांबू नका, एवढंच.

एनएफ-१च्या मुलांसाठी प्रकाशाची खरी बाजू मात्र वेगळीच आहे, आणि ती बहुतेक माहितीपत्रकांत कुठेतरी तळाशी दडलेली असते. या मुलांना रेडिएशन देणं डॉक्टर शक्यतो टाळतात, कारण त्यांच्या पेशींचा लगाम आधीच ढिला असतो आणि रेडिएशनमुळे पुढे नवा कॅन्सर उद्भवण्याची भीती वाढते. लाल प्रकाश अशा प्रकारे जनुकं मोडत नाही. म्हणून उपचार पुन्हा करता येण्याची शक्यता राहते. हा मुद्दा पहिल्या पानावर हवा.

पायरी ३ : गाडी कुठे अडली आहे ते शोधा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ खाणार आहे आणि खाऊ द्यावा. ‘प्रकाशोपचार संशोधन निधी’ असं ढोबळ नाव देऊन खातं उघडणं सोपं. पण त्या खात्यातून कोणता प्रश्न सुटणार हे कळलं नाही, तर तीन वर्षांनी देणगीदाराला सांगायला काही उरत नाही.

अडचणी कुठे आहेत बघा. ६३० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शरीरात साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर खोलवर परिणामकारक राहतो. प्लेक्सिफॉर्म गाठ त्याहून कितीतरी जाड असते. त्यात कोलॅजन, म्हणजे तंतुमय प्रथिन, भरपूर, म्हणून प्रकाश विखुरतो, आणि रक्त तर लाल प्रकाशही काही प्रमाणात गिळतं. मग गाठीत सुईवाटे बारीक फायबर (प्रकाश वाहून नेणारा तंतू) घालून आतून प्रकाश द्यावा लागतो. किती फायबर, किती अंतरावर, किती वेळ? गाठीच्या मधोमध ऑक्सिजन कमी असेल तर काय? औषध गाठीच्या पेशीत जास्त साठतं, की शेजारच्या निरोगी मज्जातंतूतही तेवढंच? मज्जातंतूला इजा न होता गाठ मारता येते का? शेवटचा प्रश्न सगळ्यांवर भारी आहे. चेहऱ्यावरची गाठ गेली आणि ओठ हलेनासा झाला, तर त्याला यश म्हणता येणार नाही.

प्रयोगशाळेतल्या निकालांकडेही सावध नजरेनं बघा. उंदराची गाठ लहान आणि कातडी पातळ असते, प्रकाश आरपार जातो. त्यामुळे उंदरात झकास दिसलेला उपचार माणसात तोकडा पडू शकतो. २०१८ मध्ये एनएफ-१ जनुकात बदल केलेल्या छोट्या डुकरांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. डुकराची त्वचा जाडीनं आणि रचनेनं माणसाच्या बरीच जवळची आहे, म्हणून प्रकाश किती खोल जातो ते तपासायला असे प्राणी अधिक उपयोगी. पण ते पाळणं महाग, आणि अशा कामाला सरकारी अनुदान मिळायला आधी थोडा पुरावा लागतो. पुरावा गोळा करायला पैसे नाहीत आणि पैसे मिळवायला पुरावा नाही, अशा ठिकाणीच खासगी देणगीची खरी गरज असते.

‘औषध कंपन्या का करत नाहीत?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघेल. प्रामाणिक उत्तर तयार ठेवा. यातली काही औषधं जुनी आहेत, त्यांच्यावर नवा नफा फारसा नाही. रुग्ण थोडे आहेत. उपचारात औषध आणि उपकरण दोन्ही असल्यानं मान्यतेची वाट दुहेरी आणि किचकट होते. शिवाय मुलांवरच्या चाचण्यांत वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागतो. गुंतवणूकदाराला यातलं प्रत्येक कारण ‘नको’ म्हणायला पुरेसं आहे. दात्याला मात्र याच कारणांसाठी ‘हो’ म्हणावंसं वाटू शकतं.

आता संशोधकांसोबत बसून तीन ओळी लिहा : आज काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि पुढचं पाऊल टाकायला नेमकं काय लागेल. तिसरी ओळ ‘लहान मुलांच्या गाठींवर फायबरनं दिलेल्या प्रकाशाचा सुरक्षित डोस ठरवणं’ इतकी नेमकी झाली, की पुढे सरका.

पायरी ४ : संशोधक आणि संस्था पारखा

चांगला माणूस आणि चांगला संशोधक एकच असेल असं नाही, आणि चांगला संशोधक चाचणी चालवू शकेलच असंही नाही. प्रकाशोपचाराच्या चाचणीला बालमेंदूविकारतज्ज्ञ किंवा बालकर्करोगतज्ज्ञ, शल्यविशारद, प्रकाशाचा डोस मोजणारा भौतिकशास्त्रज्ञ, एमआरआय वाचणारा तज्ज्ञ आणि मुलांना भूल देणारा डॉक्टर असा सगळा संच लागतो. भौतिकशास्त्रज्ञाचं नाव अर्जात नसेल तर मी थेट कारण विचारेन. प्रकाशोपचाराच्या जुन्या अपयशांमागे पुष्कळदा डोस नीट न मोजणं हेच असतं.

एथिक्स कमिटीची परवानगी आहे का, चाचणीची सार्वजनिक नोंद झाली आहे का, आधीच्या कामाचे निकाल छापले गेले का, हे विचारा. २००० साली सुरू झालेली अमेरिकेची चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही कोणालाही फुकट पाहता येते. तिथे एनएफ-१ आणि प्रकाशोपचार शोधलं, की कोणत्या चाचण्या झाल्या, कोणत्या मध्येच थांबल्या ते दिसतं. थांबलेल्या चाचण्यांबद्दल संशोधकाला विचारा आणि तो कसा उत्तर देतो ते बघा. गडबडला तर जरा थांबा, आणि कारणं शांतपणे उलगडून सांगितली तर माणूस कामाचा आहे.

यश कसं मोजणार, हेही आधीच कळायला हवं. या क्षेत्रात संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटानं प्लेक्सिफॉर्म गाठीचं घनफळ एमआरआयवर मोजून २० टक्क्यांचा फरक हा निकष धरला आहे. टेपनं लांबी-रुंदी मोजून ‘गाठ कमी झाली’ म्हणणाऱ्या चाचणीला आज कोणी गंभीरपणे घेणार नाही. घनफळासोबत वेदना, हालचाल आणि दिसणं यात मुलाला काय फरक पडला तेही नोंदवलं जातं का, विचारा.

पायरी ५ : अंदाजपत्रक

लोकांना वाटतं, सगळा खर्च लेझरचा. प्रत्यक्षात बहुतेक चाचण्यांत माणसांचे पगार सगळ्यात मोठे असतात, आणि कापले जातात तेही तेच. संशोधन-परिचारिका नसेल तर फॉलोअप बुडतो. फॉलोअप बुडाला की चाचणी बुडाली.

लोक विसरतात असे खर्च : लहान मूल एमआरआयमध्ये स्थिर पडून राहत नाही, म्हणून अनेकदा भूल द्यावी लागते आणि प्रत्येक वेळी भूलतज्ज्ञाचा वेळ लागतो. फायबर एकदाच वापरायचे. प्रकाशाची तीव्रता मोजायची उपकरणं वरचेवर तपासून घ्यावी लागतात. औषध उजेडापासून जपून हाताळावं लागतं. रुग्णांचा विमा, चाचणीबाहेरच्या तज्ज्ञांची सुरक्षा समिती, सांख्यिकीतज्ज्ञ, निकाल सर्वांना फुकट वाचता येतील अशा रीतीनं छापण्याची फी. दुर्मीळ आजार असल्यानं कुटुंबं लांबून येतात, त्यांचा प्रवास आणि राहणं. ही रक्कम अंदाजपत्रकात नसेल, तर चाचणीत फक्त परवडणाऱ्या घरांतली मुलं येतात, आणि निकालही तेवढ्यांपुरता उरतो.

औषधागणिक खर्च बदलतो. फोटोफ्रिन दिल्यावर किमान ३० दिवस थेट ऊन टाळावं लागतं. त्वचा आणि डोळे दोन्ही जपावे लागतात. गंमत म्हणजे मुलाला काळोखात कोंडायचं नसतं. घरातला साधा उजेड त्वचेतलं उरलेलं औषध हळूहळू निष्प्रभ करतो, म्हणून तो हवाच असतो. पण महिनाभर शाळा आणि मैदान सोडायचं, तर पालकाला सुट्टी घ्यावी लागते. त्याची भरपाई, डोळ्यांना पूर्ण झाकणारे गॉगल, अंगभर कपडे, समजावून सांगायला घरी जाणारी परिचारिका, हे सगळं मांडा. अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लात उन्हाची बंधनं थोड्या दिवसांची, पण प्रकाश देताना चांगलीच जळजळ होते, म्हणजे वेदना कमी करण्याचा खर्च आला.

वर्षं मोजायला कंजूषी करू नका. प्लेक्सिफॉर्म गाठ हळू वाढते. ‘वाढ थांबली’ असं म्हणायला वर्ष-दोन वर्षांचे एमआरआय लागतात. एका वर्षाच्या पैशावर सुरू केलेली चाचणी दुसऱ्या वर्षी पैसे संपले म्हणून थांबली, तर ज्या मुलांनी त्यात भाग घेतला त्यांचा तो सरळ विश्वासघात आहे. माझा आग्रह असा : शेवटच्या मुलाच्या शेवटच्या तपासणीपर्यंतचे पैसे हातात किंवा लेखी कबुलीत आल्याशिवाय पहिल्या मुलाला चाचणीत घेऊ देऊ नका.

संस्थेचा ओव्हरहेड म्हणजे वीज, जागा, हिशेबनीस यांचा वाटा. काही विद्यापीठं तो भरपूर लावतात. देणग्यांवर तो कमी करून मागता येतो. गेट्स फाउंडेशनसारख्या मोठ्या दात्यानं विद्यापीठांसाठी १० टक्क्यांची मर्यादा ठेवल्याचं उदाहरण पुढे करा. शून्यावर मात्र अडून बसू नका. कोणीतरी तो खर्च भरतंच, आणि लपवलेला खर्च पुढे दुसऱ्या नावानं येतो.

पायरी ६ : कोणाकडे जायचं

पहिलं वर्तुळ कुटुंबांचं. पण आजारी मुलाच्या घरावर निधीचा बोजा टाकू नका. त्यांच्याकडून पैशांपेक्षा ओळखी मागा. दुसरं वर्तुळ त्या मुलांवर उपचार झालेल्या रुग्णालयाच्या जुन्या देणगीदारांचं. तिथे रुग्णालयाच्या निधी विभागाला आधी विश्वासात घ्या, नाहीतर एकाच माणसाकडे दोन निरोप जातात आणि दोन्ही वाया जातात.

तिसरं वर्तुळ या आजारावर काम करणाऱ्या संस्थांचं. अमेरिकेतलं चिल्ड्रन्स ट्यूमर फाउंडेशन १९७८ साली वेगळ्या नावानं सुरू झालं. तरुण संशोधकांना आणि सुरुवातीच्या टप्प्यातल्या कल्पनांना ते अनुदान देतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एनएफ-१च्या उपचारांना वेग देण्यासाठी खासगी देणगीवर चालणारा स्वतंत्र कार्यक्रम आहे. अशा संस्था तज्ज्ञांकडून अर्ज तपासून घेतात. त्यांनी थोडी रक्कम जरी मंजूर केली, तरी इतर दात्यांसमोर तो शिक्का मोठ्या चेकपेक्षा जास्त काम करतो. नकार आला, तर तपासनिसांचे शेरे मागून घ्या. एवढा नेमका फुकट सल्ला दुसरीकडे मिळत नाही.

सरकारी पैसा हीसुद्धा देणगीच्या कामाची पुढची पायरी धरा. अमेरिकेत संरक्षण खात्याच्या वैद्यकीय संशोधन निधीत एनएफसाठी (न्यूरोफायब्रोमॅटोसिससाठी) १९९६ पासून स्वतंत्र कार्यक्रम आहे. संरक्षण खात्याचा आणि या आजाराचा वरकरणी काही संबंध नाही, पण रुग्णांच्या कुटुंबांनी लोकप्रतिनिधींचा पाठपुरावा सोडला नाही आणि तो सुरू झाला. खासगी पैशातून आलेला पहिला पुरावा अशा मोठ्या निधीचं दार उघडतो. देणगीदाराला हे गणित आवडतं, म्हणून सांगा. पण ‘एकाचे दहा होतील’ असलं आश्वासन देऊ नका.

कार्यक्रमांबद्दल माझं मत थंडच आहे. ते मेहनत खातात आणि खर्च वजा जाता हाती थोडं उरतं. तरी काही चालतात. २०१० मध्ये वॉशिंग्टनला काही मित्रांनी भर फेब्रुवारीत अंतर्वस्त्रांवर धावण्याची एक शर्यत काढली. ती अनेक शहरांत पसरली आणि तिच्यातून एनएफ संशोधनाला पैसा जाऊ लागला. त्वचेवरच्या गाठी झाकण्यात आयुष्य घालवणाऱ्यांसाठी अंग उघडं टाकून धावायचं, ही कल्पनाच मुळात आजारातून आलेली होती, म्हणून ती टिकली. २०१४ मध्ये डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घेण्याच्या लाटेनं एएलएस या मज्जापेशींच्या आजारासाठी एका संस्थेला ११.५ कोटी डॉलर मिळवून दिले, पण तशी लाट ठरवून आणता येत नाही. तिची वाट पाहण्यापेक्षा दरमहा थोडं देणारे शंभर लोक जोडा.

पायरी ७ : प्रत्यक्ष मागणी

एक पान पुरे. वर प्रश्न, खाली आज काय माहीत आहे, मग हे पैसे काय करतील, किती दिवसांत कळेल, आणि काय चुकू शकतं. हा शेवटचा भाग गाळायचा मोह होतो. गाळू नका. मोठी रक्कम देणारा माणूस बहुधा स्वतः व्यवसाय करतो, धोका नसलेला प्रस्ताव त्याला खोटा वाटतो.

मजकूर साधारण असा असू शकतो : ‘प्लेक्सिफॉर्म गाठ असलेल्या मुलांमध्ये गाठीच्या आतून दिलेला लाल प्रकाश किती मात्रेपर्यंत सुरक्षित आहे, हे आम्हाला शोधायचं आहे. ही पहिल्या टप्प्याची चाचणी आहे. भाग घेणाऱ्या मुलांना फायदा होईलच असं नाही. सुरक्षित मात्रा मिळाली, तर परिणाम तपासणारी मोठी चाचणी आखता येईल. मज्जातंतूला इजा होते असं दिसलं, तर आम्ही थांबू आणि ते प्रसिद्ध करू.’

‘चमत्कारी’, ‘वेदनारहित’, ‘दुष्परिणाम नाहीत’, ‘रामबाण’ हे शब्द पत्रकातून काढून टाका. ‘लेझरनं कॅन्सर बरा’ असा मथळा कोणी पत्रकार देत असेल, तर प्रसिद्धी गेली तरी चालेल, पण मथळा बदलून घ्या. असला मथळा वाचून शेकडो पालक रुग्णालयाला फोन करतात. त्यांच्या मुलांसाठी अजून काहीही उपलब्ध नसतं.

रक्कम स्वतःच्या तोंडानं सांगा आणि मग गप्प बसा. ‘तुम्हाला जमेल तेवढं’ हे वाक्य नम्र वाटतं, पण त्यातून ‘यांना किती लागतं तेच माहीत नाही’ एवढंच समजतं.

पायरी ८ : मुलांच्या गोष्टी आणि फोटो

गाठीमुळे बदललेला चेहरा दाखवला की पैसे येतात, हे खरं आहे. पण ते छायाचित्र इंटरनेटवर राहतं आणि ते मूल पंधरा वर्षांचं होतं. पालकांच्या लेखी संमतीबरोबर मुलाचा होकारही घ्या. मूल नको म्हणालं तर तिथेच विषय संपवा, आणि नंतर कधीही फोटो मागे घेता येईल असं लिहून द्या. चाचणीत असलेल्या मुलाची गोष्ट चाचणी संपेपर्यंत प्रचारात वापरूच नका. त्यानं पालकांवर ‘आता माघार कशी घ्यायची’ असं दडपण येतं. माघार घेण्याचा हक्क तर चाचणीचा पायाच आहे.

उपचाराशी संबंध असलेल्या डॉक्टरनं रुग्णाच्या घरच्यांकडे थेट देणगी मागू नये. मागणारा माणूस वेगळा हवा, आणि दिली नाही तरी उपचारात फरक पडणार नाही, हे तोंडी नव्हे तर कागदावर हवं.

पायरी ९ : करार

देणगी ठरावीक कामापुरतीच आहे, हे पत्रात लिहा. ‘बालआरोग्यासाठी’ असं लिहिलंत, तर ती कुठेही वापरता येते. रक्कम टप्प्याटप्प्यानं द्या, पण टप्पे निकालावर बांधू नका. ‘गाठ आकसली तर पुढचा हप्ता’ अशी अट संशोधकाला चांगलाच निकाल काढायला ढकलते. टप्पे कामावर बांधा : परवानगी मिळाली, पहिलं मूल दाखल झालं, निम्मी मुलं झाली, निकाल छापायला पाठवला.

संशोधक दुसऱ्या संस्थेत गेला तर पैसे कुठे जातात? चाचणी लवकर थांबली तर उरलेल्या पैशांचं काय? नमुने आणि एमआरआयची माहिती इतर संशोधकांना मिळेल का? यातून कधी कमाई झाली तर? शेवटचा प्रश्न हास्यास्पद वाटेल. पण सिस्टिक फायब्रोसिस या जनुकीय आजारावर काम करणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशननं औषध विकासाला पैसा देताना रॉयल्टीचा हक्क राखून ठेवला होता. २०१४ मध्ये त्यांनी तो हक्क ३.३ अब्ज डॉलरला विकला आणि पैसा पुन्हा त्याच आजाराच्या कामासाठी आला. करसवलत आणि परदेशातून येणाऱ्या देणग्यांचे नियम देशागणिक बदलतात, त्यासाठी पहिली पावती फाडण्याआधी हिशेबनीस गाठा.

पायरी १० : पैसे मिळाल्यानंतर

दर सहा महिन्यांनी एक पत्र, दोन पानांच्या आत. किती मुलं दाखल झाली, किती बाकी, किती खर्च झाला, काय अडलं. चाचणी चालू असताना परिणामांचे आकडे सांगायचे नसतात, कारण अर्धवट निकाल बाहेर फुटले की चाचणी दूषित होते. देणगीदाराला हे पहिल्याच पत्रात समजावून ठेवा, म्हणजे पुढे ‘काही लपवताय का’ असं विचारायची वेळ येत नाही. दाखल होणाऱ्या मुलांची गती बहुधा अंदाजापेक्षा कमीच असते. दुर्मीळ आजारात ते नेहमीचंच आहे. उशीर झाल्यावर सांगण्यापेक्षा दिसू लागताच सांगा.

निकाल नकारात्मक आला, तर पत्र आधी देणगीदारांना आणि सहभागी कुटुंबांना, मग बाकीच्यांना. त्यात काय कळलं ते स्पष्ट लिहा : अमुक मात्रेला प्रकाश पुरेसा खोल गेला नाही, किंवा औषध निरोगी मज्जातंतूतही साठलं. दुसऱ्या देशातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेला तीच चूक पुन्हा करायला लागू नये म्हणून ही माहिती छापणंही अंदाजपत्रकात धरलेलं असतं, तिचे पैसे शेवटपर्यंत बाजूला ठेवा. निकाल चांगला आला, तर त्याच आठवड्यात पुढच्या चाचणीचे पैसे मागू नका. आधी संशोधकांसोबत पुन्हा बसा आणि पायरी ३ मधल्या तीन ओळी नव्यानं लिहा. पुढच्या वेळचा प्रश्न वेगळा असेल, आणि तो विचारणारे लोकही कदाचित वेगळे असतील.